लिफ्ट इज रिपेअरिंग

"आत कोण आहे?" तिने बंद दाराशी तोंड नेऊन विचारलं.

"माणूस आहे," आतून उत्तर आलं. आवाज शांत होता... जरा अतीच शांत.

"ते कळलं हो! पण खाली पाटी लावलेली असताना आत शिरलात कसे? हाताएवढ्या अक्षरांत लिहिलंय!"

"वाचली ना पाटी. 'लिफ्ट इज रिपेअरिंग.' म्हणजे लिफ्ट दुरुस्ती करते आहे. म्हटलं, करत असेल बिचारी कुणाची तरी. आपण कशाला मध्ये पडा? आपल्याला नुसतं वर जायचंय."

तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि हाताचं ग्रीस कपाळाला लागलं. वरच्या यंत्रखोलीत तिने तपासणीपुरती वीज सुरू केली काय, अन् तेवढ्यात हे महाशय खालून बटण दाबून तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये येऊन लटकले काय!

"असेच ठेवू का पाच मिनिटं?" ती म्हणाली. "म्हणजे पुढच्या वेळी पाटीला मान द्याल."

"ठेवा की. दिवा तेवढा राहू द्या. हातात प्रुफं आहेत, तेवढी वाचून होतील."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? ती सहा वर्षं लिफ्टची मेकॅनिक होती. कंपनीच्या अकरा मेकॅनिकांत एकटी बाई. लिफ्टचं दार बाहेरून उघडायची लांब किल्ली कायम तिच्या गळ्यात असायची, म्हणून सगळे तिला किल्लीच म्हणत. अडकलेली माणसं तिने शेकड्याने बाहेर काढली होती. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, कुणी देवाचा धावा करायचं. व्याकरण काढणारा हा पहिलाच.

तिने किल्ली फिरवली, दार सरकवलं. लिफ्टची जमीन तिच्या कमरेच्या उंचीवर होती, आणि तिथे एक सडपातळ तरुण मांडी घालून बसला होता. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, कानामागे लाल पेन्सिल, मांडीवर छापील कागदांच्या लांबलचक पट्ट्या. तिने हात पुढे केला. त्याने तो धरला, उडी मारली, आणि उतरल्यावर हात सोडायला अर्धा क्षण उशीर केला. तिच्या लक्षात आलं. बाहीला लागलेलं ग्रीस मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

"बीइंग रिपेअर्ड," तो म्हणाला.

"काय?"

"पाटीवर तसं हवं. 'लिफ्ट इज बीइंग रिपेअर्ड.' लिफ्ट काही करत नाहीये ना... तिच्यावर केलं जातंय."

किल्लीचं हसू तिथल्या तिथे मावळलं. कारण याच दगडाची तिला दोनदा ठेच लागली होती.

सुपरवायझरच्या परवान्याची परीक्षा ती दोनदा देऊन बसली होती. यंत्रांच्या पेपरात दोन्ही वेळा पहिली, तोंडी परीक्षेत तर परीक्षकांनीच तिला दोन गोष्टी विचारून घेतल्या. आणि इंग्रजीच्या पेपरात दोन्ही वेळा चारी मुंड्या चीत! अपघाताचा अहवाल लिहा, वाक्यांचा प्रयोग बदला... कर्तरीचं कर्मणी करा, कर्मणीचं कर्तरी. संधी तीनच मिळत. तिसरी अकरा आठवड्यांवर आली होती.

"तुम्ही इंग्रजी शिकवता?" तिने विचारलं.

"छे! वरच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम."

"मग माझ्या काढा. उद्यापासून, जेवणाच्या सुट्टीत. या इमारतीतलं माझं काम अजून तीन महिने चालणार आहे."

"अहो, पण मी शिक्षक नाही..."

"मीही अग्निशामक दल नाही. तरी काढलंच ना बाहेर?"

त्याने चष्मा वर ढकलला. नाही म्हणायला त्याला जमलं नाही. नाही म्हणायला त्याला एरवीही फारसं जमत नसे, हे तिला पुढे कळायचं होतं.

प्रुफांची खोली पाचव्या मजल्याच्या टोकाला होती. एक टेबल, दोन खुर्च्या, शाईचा वास, आणि खिडकीबाहेर पत्र्यावर पावसाची बारीक टपटप. किल्ली डबा आणि वही घेऊन ठरल्या वेळेला हजर. पहिल्याच दिवशी तिने वहीवर एक इंग्रजी वाक्य लिहिलं आणि त्याने ते वाचून हसू दाबलं.

"हसा, हसा. पण सांगा, चुकलं कुठे?"

"तुम्ही लिहिलंय, 'दोराने मेकॅनिकला तपासलं.'"

"मी लिहिलं, दोर मेकॅनिकने तपासला!"

"ते मराठीत. आपल्याकडे 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटून बसतात, म्हणून शब्द कुठेही फेका, कोण कुणाला ते कळतं. 'बोक्याने उंदराला धरलं', 'उंदराला धरलं बोक्याने'... उंदीर मेलाच. इंग्रजीत चिकटायला काही नाही. तिथे जागा हाच मान. क्रियापदाच्या आधी बसला तो करणारा, नंतर बसला तो सोसणारा. जागा बदलली की उंदीर बोक्याला खातो."

"म्हणजे आमच्या लग्नघरासारखं," ती म्हणाली. "पुढच्या रांगेत बसला तो मानकरी."

"आणि प्रयोग बदलणं म्हणजे मागच्या रांगेतल्याला पुढे आणून बसवायचं. पुढचा मागे जातो, 'बाय' धरून. मधल्या क्रियापदाला मात्र त्याबरोबर रूप बदलावं लागतं..."

ती एकदम ताठ बसली. "थांबा! हे तर काउंटरवेटसारखं झालं."

"कशासारखं?"

"लिफ्टच्या मागे वजन असतं, दिसत नाही. लिफ्ट वर आली की वजन खाली, वजन वर की लिफ्ट खाली. दोघं एकाच दोराला. कर्म वर आलं की कर्ता खाली गेलाच पाहिजे. आणि मधलं चाक उलटं फिरलंच पाहिजे!"

तो तिच्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो व्याकरण वाचत होता, पण ते असं हलताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. "मास्तर, चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही. मी फक्त... नाही, बरोबर आहे."

"आणि वाक्यात कर्मच नसेल तर? 'मी झोपले', 'तो हसला'?"

"मग फिरवता येत नाही. वर आणायला कुणी नाहीच ना."

"म्हणजे तुम्ही मघाशी मला हसलात, त्याचं काहीच करता येणार नाही?"

"नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा हसला.

घरी तिने कंबर कसली. पहाटे पाचला उठून वाक्यं फिरवायची, दात घासताना फिरवायची, बसमध्ये फिरवायची. बाबा स्वतः निवृत्त लिफ्टमन, गुडघे दुखत म्हणून दिवसभर खुर्चीत. ते म्हणत, "पोरगी हट्टाला पेटली की मला इमारतीची काळजी वाटते." दादा जहाजावर होता, त्यामुळे घरातल्या चिडवण्याचं खातं एकट्या वहिनीकडे.

"आज काय शिकलात, वन्सं?"

"भूतकाळ."

"असं? मला वाटलं भविष्यकाळापर्यंत आली असेल गाडी."

"वहिनी!"

"मी कुठे काय म्हटलं? बोललं गेलं माझ्याकडून."

चौथ्या आठवड्यात तो दुपारी खिडकीशी उभा असायचा, हे तिला जिन्यावरूनच दिसू लागलं. सहाव्या आठवड्यात तिच्यासाठी खुर्चीवर अंथरलेला रुमाल असायचा, आणि आपण तेवढ्यासाठी हात दोनदा धुऊन जातो, हे तिला उमगलं. सातव्या आठवड्यात तो पट्ट्यांवरची मान न उचलता म्हणाला, "या वेळेची... वाट पाहिली जाते हल्ली."

"कुणाकडून?" तिने पेन खाली ठेवून विचारलं.

त्याचे कान लाल झाले. तो पेन्सिल शोधू लागला. पेन्सिल कानामागेच होती. तिने ती हळूच काढून त्याच्या हातात दिली. बोटांना बोटं लागली... आणि त्याने उत्तर दिलंच नाही. किल्लीला गंमत वाटली, आणि थोडं दुखलंही. हा माणूस बोलतो सुरेख, पण वाक्यात स्वतः कधी सापडत नाही.

आठव्या आठवड्यात ते प्रकरण झालं.

लिफ्टच्या दाराला एक स्विच असतो. दार नीट मिटल्याशिवाय लिफ्ट हलू नये म्हणून. तो निकामी झाला होता आणि नवा दुसऱ्या दिवशी यायचा होता. सुपरवायझर यंत्रखोलीत आला. छापखान्याच्या मालकांचा तो साडू, म्हणून या इमारतीत त्याचा रुबाब जरा जास्तच.

"इथे पॅनलवर तार जोडून स्विच बांधून टाक, म्हणजे लिफ्टला दार मिटलंच वाटेल. मग सुरू कर," तो म्हणाला. "मालकांचा माल अडलाय."

"नाही जोडणार. दार उघडं असताना हलेल ती."

"एका दिवसात काय आभाळ कोसळतंय?" त्याने स्वतःच्या हाताने तार जोडली. "झालं. जा, पाटी काढ."

आणि तिने पाटी काढली. वाद घालून थकली होती, उद्या तर स्विच येणारच होता... काढली.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून एक आजी निघाल्या. त्यांनी लिफ्टमध्ये एक पाऊल टाकलं आणि दार उघडं असतानाच लिफ्ट हलली. आजी पडल्या. मनगट मोडलं. तेवढ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले. किल्लीला त्या रात्री झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने दोन पानी इंग्रजी अहवाल तिच्यासमोर सरकवला. "सही कर. नुसता उपचार आहे."

दोन महिन्यांपूर्वी तिने केली असती. आता ती बसली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. सुपरवायझर घड्याळ बघत होता. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. 'द स्विच वॉज टाइड विथ अ वायर बाय द मेकॅनिक.' स्विच तारेने बांधण्यात आला... मेकॅनिककडून. लांबलचक वाक्याच्या शेवटी, मागच्या रांगेत, तिला गुपचूप बसवून ठेवलं होतं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली आणि अहवाल उचलून उठली.

ती थेट पाचव्या मजल्यावर गेली. लिफ्ट बंद होती. पाच जिने कसे चढली ते तिला कळलं नाही. मुद्रितशोधकाने सगळं ऐकलं, कागद वाचला, आणि त्या वाक्याच्या शेवटावर पेन्सिल टेकवली.

"एक करता येईल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शेवटचे तीन शब्द काढायचे. 'बाय द मेकॅनिक' गेलं की उरलं, 'स्विच बांधण्यात आला.' वाक्य शुद्ध राहतं. कुणाचंच नाव नाही. तुमच्यावर येत नाही, त्यांच्यावरही येत नाही..."

"म्हणजे कुणीच बांधला नाही?"

"तसं नाही..."

"आजींचं मनगट आपोआप मोडलं?" तिचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "मास्तर, परवा दुपारी तुम्ही माझ्यासाठी चहा घेऊन वर आला होतात. यंत्रखोलीच्या पायरीवर कप ठेवलेला सापडला मला. गार झालेला. तुम्ही कधी आलात?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही ऐकलंत सगळं. हो ना?"

"मालकांचा साडू आहे तो," तो कसाबसा म्हणाला. "आईचं औषधपाणी, घर... सगळं या खुर्चीवर चालतं."

तिने वही उचलली. "तुम्ही मला चांगलं शिकवलंत. वाक्यातून माणूस कसा गायब करतात, तेही शिकवलंत." दारापर्यंत जाऊन ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज नाही. "उद्यापासून मी येणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून तिने स्वतःचा अहवाल लिहिला. इंग्रजीत. आधी परीक्षेत लिहितात तसा, सगळी वाक्यं कर्मणी. मग एकेक वाक्य उलटं फिरवलं. सुपरवायझरने मला तार जोडायला सांगितलं. मी नाही म्हटलं. त्याने तार जोडली. पुढचं वाक्य लिहायला तिला सर्वांत जास्त वेळ लागला. ते लिहून तिने बाबांना अर्थ सांगितला: "पाटी मी काढली."

बाबांनी वही हातात घेतली. "हे वाक्य नसतं तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"नसतं चाललं, बाबा."

"नसतंच चाललं," बाबा म्हणाले. "बघत होतो, तुला कळतंय का."

अहवाल वर गेला. तिला चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलं. सुपरवायझर सगळीकडे सांगत सुटला की बाईला परीक्षेचा ताण झेपला नाही. नवव्या दिवशी चौकशी होती. तपासणी खात्यातून आलेल्या बाई टेबलापलीकडे बसल्या होत्या. करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले आणि बाजूच्या खुर्चीतल्या सुपरवायझरकडे बोट केलं.

"हा म्हणतो तू बांधलास, तू म्हणतेस त्याने. तिथे तिसरं कुणी होतं?"

किल्लीच्या ओठांवर आलं होतं. एक शब्द बोलली असती तर पुरे होतं. पण ज्याला बोलायचं नाही, त्याला ओढून आणायचं नाही, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. "माझ्याकडे माझंच म्हणणं आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात दार वाजलं.

तो आत आला तेव्हा घामाघूम झालेला होता, आणि बाहेर तर पाऊस पडत होता. हातात एकच कागद. "मी वरच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे," तो चौकशीच्या बाईंना म्हणाला. "त्या दिवशी मी यंत्रखोलीच्या जिन्यात उभा होतो. मी ऐकलं. यांनी नकार दिला. सुपरवायझरनी तार जोडली, ते मी उघड्या दारातून पाहिलं. हे मी लिहून आणलंय, खाली माझी सही आहे."

सुपरवायझर अर्धवट उठला. "तुझ्या मालकांना कळलं तर..."

"मी सांगूनच आलोय त्यांना," तो म्हणाला. हातातला कागद त्याने टेबलावर नीट, सरळ ठेवला.

बाहेर बाकावर दोघं शेजारी बसली. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

"उशीर झाला मला," तो म्हणाला.

"नऊ दिवस."

"मी भ्यालो होतो."

"मला माहीत होतं." ती त्याच्याकडे वळली. "मालक काय म्हणाले?"

"प्रुफांची खोली काढून घेतली. आता तळमजल्यावर, छपाईयंत्रांच्या मध्ये टेबल. कानाला दडे बसतात." तो किंचित हसला. "बरं आहे. लिफ्ट लागत नाही."

तिला हसायचं नव्हतं. हसली. पण परीक्षा बारा दिवसांवर होती, आणि तिने तिथेच वही उघडली. "बसलायत तर तपासा. एकवीस वाक्यं आहेत. बोलायचं ते परीक्षेनंतर."

त्याने निमूटपणे कानामागची पेन्सिल काढली.

चौकशीचा निकाल आधी लागला. सुपरवायझरचा परवाना काढून घेतला. किल्लीला लेखी ताकीद मिळाली. तिने ती मान खाली न घालता घेतली, आणि आजींच्या घरी जाऊन पाटीचं खरं काय ते सांगून आली. आजी रागावल्या, मग त्यांनी तिलाच प्लास्टरवर नाव लिहायला लावलं. परीक्षेत अपघाताचा अहवाल आलाच. तिने वाक्यं फिरवली, मागून पुढे, पुढून मागे, आणि वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी पेन ठेवलं. पाच आठवड्यांनी यादी लागली. इंग्रजीत शंभरपैकी एकाहत्तर! यंत्रांच्या पेपरातल्या अठ्ठ्याण्णवांचं तिला काहीच वाटलं नाही. एकाहत्तर मात्र तिने बोट ठेवून तीनदा वाचले.

त्या रविवारी सकाळी ती मागच्या गॅलरीत बूट घासत बसली असताना दारावरची घंटा वाजली. वहिनीने दार उघडलं. किल्लीने आवाज ओळखला आणि हातातला ब्रश तसाच राहिला.

"या, बसा," बाबा खुर्चीतून म्हणत होते. "निकालाबद्दल आलात ना? पेढे काय, चहा काय..."

"नाही. म्हणजे... निकालाचं अभिनंदन आहेच." खोकला. खुर्ची सरकल्याचा आवाज. "मला तुमच्या मुलीशी लग्न करायचंय."

घरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ती पडली नाही. वहिनीच्या हातातला चमचा पडला.

"तिला विचारलंत?" बाबांनी विचारलं.

"नाही. वाटलं, आधी तुम्हाला..."

"अहो, मला काय विचारता? मी तिला कधी विचारल्याशिवाय खुर्ची हलवली नाही. ती मागे गॅलरीत आहे आणि एव्हाना तिने सगळं ऐकलंय."

ती दारात येऊन उभी राहिली. एका हातात बूट, गालावर पॉलिशचा काळा डाग. तो उठून उभा राहिला. चष्मा वर ढकलायला हात गेला, आणि मध्येच थांबून खाली आला.

"मी तुझ्यावर प्रेम करतो," तो म्हणाला. वहिनी समोर होती, बाबा समोर होते, तरी म्हणाला. "ते सांगायला मला चार महिने लागले. तुला उत्तर द्यायला हवा तेवढा वेळ घे."

"वेळ कशाला?" ती म्हणाली. "मी सातव्या आठवड्यातच ठरवलं होतं. तू हलतोस का, तेवढंच बघत होते."

'तू' तिच्याही तोंडातून गेला, आणि दोघांनाही तो ऐकू आला. दोघंही एकदम खाली बघू लागली.

"चहाला दूध नाहीये हो!" वहिनी घाईघाईने म्हणाली. "वन्सं, यांना घेऊन जा आणि घेऊन या बरं."

"भांडं तर भरलेलं दिसतंय मला इथून," बाबा म्हणाले.

"ते कालचं आहे, बाबा," वहिनीने त्यांच्याकडे डोळे वटारले.

दोघं खाली उतरली. पाऊस नुकता थांबला होता, झाडांखालून तेवढा पडत होता. नाक्यापर्यंत दोघं डबकी चुकवत चालली. नाक्यावर तिने त्याचा हात धरला, बोटात बोटं घालून, अगदी घट्ट. मग मात्र तो बोलू लागला तो थांबेना... कधी कुठे काय वाटलं, कुठल्या दिवशी तिने कुठला शर्ट घातला होता, कुठल्या वाक्यावर त्याला तिचा हात धरावासा वाटला होता. ती ऐकत होती, चिडवत होती, मध्येच थांबून त्याच्याकडे नुसतीच बघत होती. डेअरीवरून दोघं दोनदा गेली. तासाभराने घरी परतली तेव्हा बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते, आणि दोघांचेही हात रिकामे होते, म्हणजे एकमेकांत होते.

"दूध?" बाबांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आल्या पावली पुन्हा जिना उतरली.